शिंगाचा निळा

"हॉर्न नको वाजवूस ज्ञानू, बुजतील," आईसाहेब मागच्या सीटवरनं म्हणाल्या.

मी कुठला हॉर्न वाजवतोय! स्टिअरिंग घट्ट धरून नुसता बसलो होतो. माळकुडीचा तो बोळ, पुढनं बैल, मागनं बैल, दोन्ही अंगाला दगडी भिंती, आणि मधोमध दादासाहेबांची पांढरीधोप ॲम्बॅसिडर. गावात बेंदूर होता, बैलांचा सण. बैलांच्या पाठीवर झुली, गळ्यात चाळ, शिंगं नुकतीच ऑइलपेंटनं रंगवलेली. सगळी मिरवणूक वेशीकडं कर तोडायला निघालेली. वेशीत बांधलेलं तोरण ज्याचा बैल पहिल्यांदा तोडेल त्याचा वर्षभर मान, त्यामुळं जो तो आपला बैल पुढं रेटत होता. एवढ्यात हलगी कडाडली. एका खोंडानं मान झटकली आणि मागच्या दाराला शिंग घासत तो पुढं निघून गेला. आवाज म्हणाल तर काहीच नाही. पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखं कर्र झालं आणि संपलं.

खंडेरावांच्या दारात गाडी लावली आणि खाली उतरून बघतो, तर दाराच्या मधोमध वीतभर निळा पट्टा. त्याच्या खाली दोन बारीक ओरखडे. रंग अजून ओला होता.

तशी ही गोष्ट काही जीवघेणी नव्हती. गाडी म्हटली की घासणार, ओरखडणार. मी आईसाहेबांना तसंच म्हटलं. "काय न्हाय हो आईसाहेब. दादासाहेबांना सांगू की, बैलानं शिंग लावलं म्हणून. बैलाला काय ते फाशी देणार हायेत का?"

आईसाहेब हसल्या नाहीत. दाराकडं बघत उभ्या राहिल्या. सत्तरीची बाई, कपाळावर आडवं गोंदण, अंगावर कायम इरकली लुगडं. आमच्या तळेवाडीत त्यांच्यापुढं मान वर करायची कुणाची टाप नव्हती. दादासाहेब, म्हणजे धैर्यशीलराव, दूध संघाचे चेअरमन, पण त्यांची ही आई म्हटल्यावर त्यांच्यापेक्षा वरचं खातं, असं मी आपलं धरून चाललो होतो. आता बघतो तर त्यांचे ओठ पांढरे पडलेले.

"ज्ञानू," त्या म्हणाल्या, "धैर्यशीलला मी काही सांगितलेलं नाही."

"म्हंजे?"

"मी इकडं आलेय ते त्याला ठाऊक नाही. डोळ्याच्या डॉक्टरकडं कोल्हापूरला जाते म्हणून सांगितलंय."

सकाळी फाट्यावर त्या मला "डावीकडं घे" म्हणाल्या, तेव्हा मी विचारलं होतं, दादासाहेबांना माहीत हाय नव्हं? त्या "होय" म्हणाल्या होत्या. आईच्या शब्दावर ड्रायव्हरनं शंका काढायची का? घेतली मी डावीकडं!

आता घाबरायचं कारण काय ते सांगतो, म्हणजे तुम्हाला मी भित्रा वाटायचो नाही. खंडेराव म्हणजे आईसाहेबांचे धाकटे भाऊ, दादासाहेबांचे सख्खे मामा. काही वर्षांमागं त्यांनी दूध संघाच्या निवडणुकीत भाच्याच्या विरोधात अर्ज भरला. निवडून आले नाहीत, पण मतं खाल्ली, आणि दादासाहेब पडता पडता वाचले. निकालाच्या दिवशी वाड्याच्या पायरीवर उभं राहून, गुलाल अंगावर असतानाच, दादासाहेब सगळ्या गावासमोर बोलले. "आजपासून माळकुडीची शीव आपल्याला बंद. जो ओलांडेल त्याला हा उंबरा बंद. मग माझी आई का असेना!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईसाहेब दारातच उभ्या होत्या.

दादासाहेब बोलले म्हणजे बोलले. स्वयंपाकाच्या बाळाबाईनं एकदा माळकुडीच्या बाजारातनं मिरची आणली. मिरची हो! स्वस्त मिळाली म्हणून आणली बिचारीनं. ती पिशवी त्यांनी स्वतःच्या हातानं गटारात उपडी केली, आणि बाळाबाईला त्याच पावली घरी पाठवलं. वीस वर्षं भाकरी थापल्या होत्या तिनं त्या घरात. आवाज चढवला नाही, शिवी नाही. ते खालच्या आवाजात बोलायला लागले की आमची सगळ्यांची गाळण उडायची.

"बैल कुठंबी घासतो की आईसाहेब," मी धीर करून म्हटलं. "कोल्हापूरच्या रस्त्याला घासला म्हणू."

"अरे येड्या, आपल्याकडचा बेंदूर कधी?"

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. सीमेकडच्या ह्या गावांत कर्नाटकी बेंदूर पाळतात, ज्येष्ठाच्या पौर्णिमेला. आमच्याकडं देशी बेंदूर, तो पुढच्या महिन्यात. तळेवाडीपासून कोल्हापूरपर्यंत आज एकाही बैलाच्या शिंगाला रंग नव्हता. आजच्या दिवशी गाडीला ओला निळा लागला म्हणजे गाडी कुठं होती ते दारावर लिहून आणल्यासारखंच झालं. आणि दादासाहेब रोज संध्याकाळी गाडीभोवती एक चक्कर मारायचे, तळवा फिरवत. नवी गाडी होती.

"वाळायच्या आत काढ," आईसाहेब म्हणाल्या. "एकदा वाळला की निघायचा नाही."

तेवढ्यात खंडेरावांची बायको, ताराबाई, लगबगीनं बाहेर आल्या. घरात त्या आणि आजारी नवरा, दोघंच. बाकी सगळी बाप्येमाणसं बैलांबरोबर गेलेली. "वन्सं, या की आत! सकाळधरनं वाट बघाय लागलेत. दाढी करून घेतली, पटका बांधा म्हणाले. उशाला लोड लावून बसलेत. डॉक्टर म्हणाला बसू नका, पण ऐकतील तर शपथ."

खंडेरावांना पोटाचा आजार होता, शेवटचा. अमावास्या बघतील असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. तो निरोप कुणीतरी चोरून आईसाहेबांना पोचवला होता, म्हणून तर हे सगळं.

"आले तारा," आईसाहेब म्हणाल्या. "पाचच मिनिटं. जरा रॉकेल दे घरात असलं तर. आणि मऊ फडकं."

"रॉकेल? कशाला?"

"दे तू आधी."

मी रुमालानं पुसायला गेलो आणि घोटाळा करून बसलो. पट्टा निघायच्या ऐवजी पसरला. वीतभर होता तो हातभर झाला, वर फिकट निळा धूर धरल्यासारखा. "अरे घासू नको, टिपून घे, टिपून!" आईसाहेब ओरडल्या आणि माझ्या हातातनं रुमाल घेऊन स्वतः खाली बसल्या. चेअरमनची आई, इरकली लुगड्यात, शेणाच्या सड्यावर. मला कसंतरीच झालं.

"आईसाहेब, तुम्ही जावा आत. मी करतो."

"तुला नाही जमायचं."

आतनं हाक आली. आवाज बारीक, पण हाक खणखणीत होती. "आक्का! आलीस न्हवं? गाडीचा आवाज आला मला!"

"आले रे खंडू!" आईसाहेबांनी तिथनंच ओरडून सांगितलं. हात थांबला नाही.

रॉकेल आलं. फडक्याचा बोळा भिजवून हलक्या हातानं, कडेकडनं आत आत, असं त्यांनी टिपायला घेतलं. निळा फडक्यावर यायला लागला. मला हायसं वाटलं. फडकं भरलं की ताराबाई दुसरं आणायच्या, आणि प्रत्येक वेळी आतला निरोप आणायच्या.

"वन्सं, विचारताहेत, आक्का बाहेर काय करतीय?"

"सांग, हातपाय धुतेय."

"वन्सं, म्हणताहेत, पोळी तुझ्याबरोबर खायची म्हणून थांबलोय. एक घास खाईन म्हणताहेत."

"आले म्हणावं. आलेच."

निळा सगळा निघाला. पण खाली जिथं शिंग लागलं होतं तिथं ते दोन ओरखडे राहिले, आणि रॉकेलनं भोवतीची चकाकी गेली. एक मळकट डाग दिसायला लागला. समोरनं बघितलं तर काही नाही, तिरकं बघितलं की डोळ्यात भरायचा. आईसाहेब उठायच्या, दोन पावलं मागं जायच्या, मान वाकडी करून बघायच्या आणि परत खाली बसायच्या.

"आता ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं. "धुळीचं वाटतंय."

"तुला धुळीचं वाटतंय. त्याला वाटणार नाही. तो हात फिरवतो."

"दात घासायची पांढरी पावडर हाय का बघतो," मी म्हटलं. ही युक्ती मला एका गॅरेजवाल्यानं सांगितली होती. पाण्यात कालवून, ओल्या फडक्यानं गोल गोल चोळायची, बारीक ओरखडे बुजतात. ताराबाईंनी डबीच आणून दिली. आम्ही दोघांनी आळीपाळीनं चोळलं. आईसाहेबांच्या कपाळावरनं घाम ठिपकत होता. लांब वेशीकडं एकदम आरोळी उठली, हलग्या पेटल्या, कुणाच्या तरी बैलानं कर तोडली होती.

"कुणाचा गं?" आतनं खंडेरावांनी विचारलं. "तारा, कुणाच्या बैलानं तोडली बघ की. आक्काला सांग... आक्का कुठाय? आक्का, आत ये की गं!"

"आले बाळा, आले!"

सत्तरीची बहीण पासष्टीच्या भावाला बाळा म्हणाली. मला वाटलं, आता उठतील. उठल्याही. उंबऱ्यापर्यंत गेल्या. तिथनं सवयीनं मागं वळून गाडीकडं बघितलं, आणि तशाच उभ्या राहिल्या.

"ज्ञानू, अरे हे काय झालं?"

मी वळलो आणि कपाळावर हात मारला. ओरखडे गेले होते, डाग गेला होता, सगळं गेलं होतं. पण चोळलेली तेवढी जागा आरशासारखी चमकत होती, आणि बाकीचं दार तिच्यापुढं जुनाट दिसत होतं. आंधळ्यानंही सांगितलं असतं की इथं कुणीतरी काहीतरी पुसलंय.

"आता अख्खं दार घासायला पाहिजे," आईसाहेब म्हणाल्या.

"अहो, एक दार घासलं तर दुसरं—"

"तर दुसरं पण."

त्यांच्या आवाजात रडं होतं. खरं सांगतो, त्या वेळी मलाही तेच बरोबर वाटत होतं. माझ्या डोळ्यासमोर गटारातली मिरची होती. तीन पोरं, म्हातारी आई, आणि चेअरमननं हाकललेला ड्रायव्हर म्हटल्यावर पंचक्रोशीत मला कुणी उभं केलं नसतं. मी आडावरनं पाणी ओढत राहिलो, त्या चोळत राहिल्या. मागचं दार, पुढचं दार, मग पलीकडची दोन. खोबरेल तेलाचा हात. मग गाडीच धुऊन काढली. ताराबाई दारात येऊन उभ्या राहायच्या आणि परत आत जायच्या. नंतर नंतर निरोप आणायचंही त्यांनी बंद केलं.

सगळं झालं तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती. आईसाहेबांनी पदरानं तोंड पुसलं आणि गडबडीनं आत गेल्या. मी सोप्यात उभा होतो, तिथनं आतली खोली दिसत होती. खंडेराव लोडावरनं खाली सरकलेले. पटका उशाशी काढून ठेवलेला.

"कळ लागली फार," ताराबाई हळू आवाजात म्हणाल्या. "किती वेळ दम धरला हो त्यांनी. शेवटी मीच डॉक्टरचं औषध दिलं. आता सकाळपातूर जाग यायची न्हाय."

आईसाहेब पलंगाच्या कडेला बसल्या. "खंडू," म्हणाल्या. "खंडू, मी आलेय." त्यांनी त्याच्या पायावरनं हात फिरवला. बाजूला ताटात पुरणपोळी होती, तिचा एक कोपरा मोडून ठेवलेला. थोड्या वेळानं मी खाकरलो. दिवेलागणीला घरी पोचायचं होतं. त्या उठल्या.

परतीच्या वाटेवर त्या एकदाच बोलल्या. "डॉक्टरचं नाव काय सांगायचं?" मी सांगितलं, जुनेच आपले, स्टेशन रोडचे. त्यांनी ते दोनदा स्वतःशी घोकलं.

वाड्यात शिरलो तेव्हा दादासाहेब पायरीवरच उभे होते. माझ्या मानेवरनं घाम निथळत होता. ते खाली आले, गाडीभोवती फिरले, नेहमीसारखा तळवा फिरवत. मागच्या दारापाशी आले. हात पुढं सरकला.

"गाडी चकाचक दिसतीय," ते म्हणाले.

"धुतली जी. आईसाहेब डॉक्टरकडं आत हुत्या, मोकळाच हुतो."

त्यांनी दार उघडलं आणि आईला उतरवायला हात दिला. आईसाहेबांनी त्यांच्या हातात हात ठेवला. दादासाहेबांनी तो सोडलाच नाही. उलटा केला, सुलटा केला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "ज्ञानू, गाडीतला दिवा लाव."

तो खालचा आवाज! दिव्याचं बटण मला सापडेना. शेवटी लागला दिवा. आईसाहेबांची सगळी नखं निळी होती. बोटांच्या सुरकुत्यांतनं निळं, तळहाताच्या रेघांतनं निळं. चार दारं घासली, बोनेट धुतलं, आणि हाताकडं दोघांपैकी एकानंही बघितलं नव्हतं. संपलं, मी मनात म्हटलं. उद्यापासून आपण रस्त्यावर, आणि ही म्हातारी कुठं जाणार देव जाणे.

"यंदा निळा लावला होय शिंगांना," दादासाहेब म्हणाले.

आईसाहेब हात सोडवून घ्यायला बघत होत्या.

"आई, अगं कापतेस काय अशी? मला सकाळीच कळलं होतं." त्यांनी इकडं तिकडं बघितलं, आणि आवाज आणखी खाली आणला. "त्यांच्या बेंदराला दर वर्षी तू उपाशी बसतेस. पोट बरं नाही म्हणतेस. मला दिसत नाही होय? मामाचं दुखणंही कानावर आलंय. आज नेमका डॉक्टर कसा निघाला ते मला कळत नाही? गावापुढं बोलून बसलो गं. आता ते गिळू कसं? म्हटलं गाडी द्यावी, आपण काही विचारू नये, तू आपली निवांत जाऊन येशील."

मी गाडीतला दिवा मालवला.

मामा त्याच रात्री गेले. पहाटे धारेच्या वेळी माळकुडीहून माणूस आला, आणि दादासाहेब अनवाणीच गाडीत येऊन बसले. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांनी आईशी मामाविषयी बोलायला मिळत होतं, त्यामुळं त्यांना थांबवत नव्हतं. आईचा निळा हात दोन्ही हातांत धरून लहान पोरासारखे विचारत राहिले.

"बोलला का मामा? दुखतंय का फार? दिवसभर होतीस म्हणजे पोटभर बोलला असाल की दोघं. माझं नाव काढलं का गं त्यानं? काय म्हणाला?"

आईसाहेबांनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाल्या,

"हाका मारत होता रे. मी दार पुसत होते."